कोणीही हात लावू नये

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. कारण एकच, पुरावा. पुढेमागे काही झालं तर कोण कधी कुठे होतं हे लिहिलेलं असावं. बस डेपोच्या स्टोअरमध्ये जन्म गेला माझा. एक वायसर सहीशिवाय बाहेर गेला नाही. रिटायर झालो म्हणून काय डोळे मिटून बसू?

घरच्या कॉम्प्युटरवर गेल्या वर्षी लिनक्स टाकलं. मी स्वतः टाकलं. बड्या कंपन्या आपल्यावर पाळत ठेवतात हे मला केव्हाच कळलंय. साडूला अजून कळलेलं नाही. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोन गल्ल्या सोडून राहतो, विंडोज वापरतो, आणि मी काही समजावून सांगायला लागलो की हसतो. उगाच हसणाऱ्या माणसावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

ही अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते. सध्या इतिहासाचं पुस्तक चालू आहे. अकरा धडे, त्यातले दहा झाले. वीस तारखेच्या आत शाळेला द्यायचं, महिनाअखेर परीक्षा. बोटांनी वाचायचं पुस्तक यंदा छापलंच नाही म्हणे, म्हणजे मुलांची सगळी भिस्त हिच्या आवाजावर. आणि हिच्या आवाजाची भिस्त माझ्या मशीनवर. जबाबदारी कोणावर आली, हे वेगळं लिहायला नको.

कॉपी बाहेर ठेवायची नाही, हा नियम मी घातलाय. पेनड्राइव्ह म्हणजे उघडं गेट. बॅकअप आहे. त्याच मशीनवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये.

४ मार्च
हिचा दहावा धडा ऐकला. आवाजामागे पंख्याची घरघर. ही म्हणाली, पुढच्या वेळी पंखा बंद करून वाचते, झालं. बायकांना टेक्निकल उपाय सुचत नाहीत. घरघर काढणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते आमच्या लिनक्सच्या नेहमीच्या भांडारात नाही. इंटरनेटवर एका सद्गृहस्थाने उपाय दिलाय: त्याच्या भांडाराचा पत्ता सोर्स लिस्टमध्ये टाकायचा. सोर्स लिस्ट म्हणजे माल कुठून मागवायचा त्याची यादी. हे काम मी जन्मभर केलंय. मला कोण शिकवणार?

सद्गृहस्थाच्या फोटोत मांजर होतं. मांजर पाळणारा माणूस सहसा फसवत नाही.

४ मार्च, संध्याकाळी
पत्ता टाकला. अपग्रेड सुरू केलं. मशीनने एक लांबलचक यादी दाखवली आणि विचारलं, एवढं सगळं काढून टाकू का? यादी पाहिली. म्हणजे, यादीची लांबी पाहिली. हो म्हटलं. सारखी परवानगी मागणारा नोकर कामचुकार असतो, हा डेपोतला अनुभव.

५ मार्च
स्क्रीन काळी. पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, हिचं फोल्डर नाही. रीस्टार्ट केलं. तेच. परत केलं. तेच.

माझ्याकडून काही चुकलेलं नाही. मी फक्त हो म्हटलं होतं.

ही अकरावा धडा रेकॉर्ड करायला आली. तिला सांगितलं, सिस्टीम अपग्रेड चालू आहे, उद्या मिळेल. अपग्रेड हा शब्द भारदस्त आहे. ती गेली.

६ मार्च, सकाळी
शांत डोक्याने विचार केला. परवा चालणारी वस्तू आज चालत नाही, म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी हात लावला. स्टोअरमध्ये हेच सूत्र होतं आणि ते कधी चुकलं नाही. (एकदा चुकलं. पण तेव्हा उंदीर होते.)

संशयित: १. साडू. रविवारी आला होता, मी चहा ठेवायला गेलो तेव्हा एकटाच हॉलमध्ये होता. २. समोरचा विमा एजंट. त्याचं वायफाय आमच्या भिंतीतून येतं. ३. मांजरवाला.

उपाय. डेपोत प्रत्येक रॅकवर मी स्वतः रंगवलेली पाटी असे: कोणीही हात लावू नये. पाटी वाचून माणूस दोन पावलं मागे सरतो. तेव्हा काळ्या स्क्रीनवरूनच सोर्स लिस्ट उघडली आणि दोन पत्त्यांच्या खाली इंग्रजी अक्षरांत स्वच्छ टाइप केलं: कोणीही हात लावू नये. सेव्ह केलं. आता येऊ दे कोण येतो तो.

६ मार्च, दुपारी
येऊन गेला!

दुरुस्तीची कमांड दिली तर मशीन म्हणतं, टाइप, आणि पुढे अवतरणचिन्हांत, कोणीही. इंग्रजी वाक्यात मराठी शब्द! पुढचं वाचायची गरजच नव्हती. सरळ आहे. घुसलेल्या माणसाने माझी पाटी वाचली आणि माझाच शब्द माझ्या तोंडावर फेकला. मला चिडवतोय लेकाचा.

आणि एक गोष्ट त्याने नकळत सांगून टाकली: घुसखोर मराठी आहे. म्हणजे ओळखीतला आहे. मांजरवाला सुटला.

७ मार्च
पाच वेगवेगळ्या कमांड दिल्या. पाचही वेळा तेच. टाइप, कोणीही. निर्लज्ज आहे.

मोबाइलवरून लिनक्सवाल्यांच्या चर्चेत प्रश्न टाकला, घरात शिरलेल्या माणसाला ओळखायचं कसं. एकाने लगेच उत्तर दिलं, एरर मेसेज पूर्ण लिहून पाठवा. का पाठवू? माझ्या मशीनवर काय लिहून येतं ते याला कशाला हवंय? ब्लॉक केला.

हिने विचारलं, मुलांचे धडे सुरक्षित आहेत ना. म्हटलं, बँकेत नसतील इतके. मग म्हणाली, बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला दाखवायचं का. मी हसलो. दुरुस्तीवाला मशीन उघडणार, आत काय काय बसवणार, आणि वर आपल्यालाच बिल देणार! ती उठून भांडी आवरायला गेली. पटलं असावं.

९ मार्च
हिने परत विचारलं. उद्या, म्हटलं. शाळेच्या मॅडमचा फोन आला होता म्हणे, एक मुलगी रोज येऊन विचारते पुस्तक आलं का. म्हटलं, मॅडमना सांग, सुरक्षेचं काम घाईने होत नाही. हिने मॅडमना फोन लावला, पण तसं सांगितलं नाही. दाराकडे तोंड करून, देते हं लवकर, एवढंच म्हणाली.

रात्री जेवताना मला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. ही गोष्ट नोंदवून ठेवतो.

१० मार्च
आज हिने विचारलं नाही. विश्वास बसला म्हणायचा. हळूहळू बसतो.

दुपारी बहिणीकडे जाते म्हणाली. काखेत एक उशी. बहिणीकडे उशी?

११ मार्च
आज मायक्रोफोन आणि माझी रजई. विचारलं तर म्हणाली, बहिणीला हवीय. या उकाड्यात रजई? बहीण काय बर्फात राहते?

कॉम्प्युटर: टाइप, कोणीही. मी आता त्याला उत्तर द्यायचं बंद केलंय. दुर्लक्ष केलं की असले लोक कंटाळतात.

१२ मार्च
जावक: सतरंजी एक, जाड चादरी दोन, दिवाणावरची गादी (लहान) एक. गादी न्यायला साडू स्वतः आला. स्कूटरवर पुढे ठेवून नेली. मला बघून हसला.

आवक: काही नाही.

मी स्टोअरकीपर आहे. माल असा थोडा थोडा, वेगवेगळ्या दिवशी बाहेर पडायला लागला की त्याचा अर्थ मला कळतो. पण इथे लिहीत नाही. लिहिलं की खरं होतं.

१३ मार्च
लिहितो. ही घर सोडून चालली आहे. एकदम गेली तर बोभाटा होईल म्हणून आधी अंथरूण, मग पांघरूण, मग भांडी. भांड्यांवर लक्ष ठेवायचं.

आणि कॉम्प्युटर कोणी बिघडवला तेही उघड झालं. साडू. कट असा: मशीन बंद पाडायचं, मला नालायक ठरवायचं, हिला तिकडे न्यायचं, तिथे विंडोजवर बसवायचं. मेहुणी सामील. मेहुणी लहानपणापासून गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांना मी स्टोअरच्या खिडकीवरूनच परत पाठवत असे.

१४ मार्च
हिचा आवाज बसलाय. संध्याकाळी तिकडून आली ती घोगरी होऊन. विचारलं, कोणाशी भांडलीस? मान हलवली. म्हणजे भांडली. माझ्या बाजूने भांडली असेल का? असेल. पस्तीस वर्षांचा संसार आहे, काहीतरी वाटतच असणार.

मिठाच्या गुळण्यांना पाणी गरम करून दिलं. घेतलं तिने. बरं वाटलं मला.

निश्चय: उद्या मशीन सुरू करणारच. मशीन सुरू झालं की तिला जायचं कारणच उरणार नाही.

१५ मार्च
झालं नाही. कारण: दिवसभर विमा एजंटच्या घरातून ड्रिलचा आवाज. ड्रिल चालू असताना माणूस भिंतीत काय काय घालतो कोण बघायला जातं? त्याच्यावरचा संशय मी काढला होता, परत ठेवला.

पाटी अजून कडक करायची ठरवली. हात लावल्यास कारवाई होईल, अशी. पण फाइल उघडायला गेलो आणि थांबलो. मी उघडली की तो सावध होणार. जशी आहे तशी राहू दे. पुरावा हलवायचा नसतो.

१६ मार्च, दुपारी
पाळत ठेवली. मेहुणीच्या घरासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहिलो. उगाच उभं कसं राहायचं म्हणून रेशन कार्डाच्या प्रती काढल्या, बऱ्याच निघाल्या. झेरॉक्सवाला विचारायला लागला, काका, कसला अर्ज करताय. त्याच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

त्यांच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद! भर उन्हात! साडू बाहेर पायरीवर बसलेला, आणि गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना तोंडावर बोट ठेवून गप्प करत होता. पोरं गेल्यावर भाजीवाल्यालाही हाताने पुढे पिटाळलं. आत असं काय चाललंय की ज्याला एवढा पहारा लागतो?

घटस्फोट. दुसरं काय असणार. आत वकील बसलेला असणार.

घरी येऊन रिकाम्या दिवाणावर बसलो. पाठीला फळी टोचते. रडू आलं. हे पुरावा म्हणून लिहीत नाही, असंच लिहितोय.

१८ मार्च
हिचा आवाज जवळजवळ गेला. खुणा करते. मी तिला बोललो, जे काय आहे ते तोंडावर सांग. तिने घशाकडे बोट दाखवलं. सोयीचं आहे.

वीस तारीख परवा. मी मशीनसमोर बसून आहे. टाइप, कोणीही. टाइप, कोणीही. आज त्याला हात जोडून म्हटलं, बाबा रे, तू जिंकलास, मुलांचे धडे तेवढे परत दे. तेच उत्तर.

१९ मार्च
ही दिवसभर तिकडेच. साडू पण. मेहुणीने डबा पाठवला. खाल्ला नाही. (अर्धा खाल्ला.)

२० मार्च, सकाळी
शेवटची तारीख. शाळेत जाऊन हात जोडायची तयारी ठेवली आहे. भाषणही तयार: बाहेरच्या शक्तींनी मुलांचं नुकसान केलं.

२० मार्च, संध्याकाळी
नीट लिहितो, क्रमाने.

दुपारी ही घरी आली. गळ्याला मफलर, आवाज शून्य. डॉक्टरांनी आठ दिवस एक शब्दही बोलायचा नाही म्हणून सांगितलंय, हे तिने पाटीवर खडूने लिहून दाखवलं. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. स्क्रीनकडे बघितलं. मी सांगायला सुरुवात केली, की हा बघ, हा माणूस मला रोज असा चिडवतो. तिने माझा हात धरला, माझं बोट त्या ओळीच्या पहिल्या शब्दावर ठेवलं आणि मला खूण केली. वाच. मोठ्याने.

मी वाचलं, टाइप कोणीही. पुढे थांबलो. तिने बोट पुढे सरकवलं. आयुष्यभर मोठ्याने वाचणारी बाई ती, मधेच थांबू देत नाही. वाचलं: टाइप कोणीही इज नॉट नोन. बोट पुढे. ऑन लाइन थ्री. बोट पुढे. इन सोर्स लिस्ट.

म्हणजे, यादीतली तिसरी ओळ मला समजत नाही.

परत वाच, अशी खूण. परत वाचलं.

मग सोर्स लिस्ट उघडली. पहिली ओळ, नेहमीचं भांडार. दुसरी, मांजरवाल्याचं. तिसरी, माझी पाटी. मशीन बिचारं दोन आठवडे एकच गोष्ट सांगत होतं, की मालक, तुमची पाटी म्हणजे कुठल्या दुकानाचा पत्ता, मला काही कळेना.

हिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणणार होतो की घुसखोरानेच माझी पाटी वापरून डाव टाकला. ते तोंडातच ठेवलं.

ओळ खोडली. दुसरीही खोडली, कारण मांजरवाल्याचा माल आमच्या मशीनच्या मापाचाच नव्हता, पुढच्या मॉडेलचा होता. डेपोत असला माल मी ट्रकमधून उतरूसुद्धा दिला नसता. मग मशीन जे जे म्हणेल ते ते मी मोठ्याने वाचायचं आणि तिने मान हलवायची. कुठे चुकतंय, काय तुटलंय, दुरुस्तीला कुठली कमांड द्यायची, सगळं त्यातच लिहिलेलं होतं. दिवे लागायच्या सुमारास चित्रं आली, खिडक्या आल्या. फोल्डर आलं. दहाही धडे जागच्या जागी!

मी ओरडलोच. हिने पाठीवर थोपटलं. मग उठून आत जाऊन आडवी झाली.

उद्या पेनड्राइव्ह विकत घेऊन मी स्वतः शाळेत जाणार. एक दिवस उशीर, अकरावा धडा मागाहून, पण आपण पोचवणार. आपणच. आणि ही राहिली! गादी अजून तिकडेच आहे, पण ही राहिली.

२१ मार्च
शाळेत गेलो. इस्त्रीचा शर्ट. मॅडमना पेनड्राइव्ह दिला आणि भाषण सुरू केलं. मॅडम मधेच म्हणाल्या, अहो, पण पुस्तक तर परवाच आलं, अकराही धडे, मुलं ऐकतायत की.

मला वर्गात नेलं. मुलं टेबलाभोवती बसलेली, मधे स्पीकर. हिचा आवाज. पंख्याची घरघर अजिबात नाही. पहिल्या धड्यात आवाज कसा खणखणीत. मॅडम पुढचे लावून दाखवत गेल्या. चौथ्यात खरखर. सातव्यात मधे मधे पाणी पिऊन थांबते. नवव्यात प्रत्येक वाक्य ओढून काढल्यासारखं. मला तिथे उभं राहवेना.

मॅडम सांगत होत्या, कपाटात बसून रेकॉर्ड केलं म्हणे, चारी बाजूंनी गाद्या, उश्या, रजया लावून, म्हणजे बाहेरचा आवाज येऊ नये. त्या उकाड्यात! पहिल्यापासून परत सगळं. पहिलं रेकॉर्डिंग कुठेतरी अडकलं होतं ना, तिला भरवसा नव्हता ते सुटेल. कोणावर भरवसा नव्हता ते मॅडमनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दहावा धडा लावला तर पुरुषाचा आवाज. साडू! दहावा आणि अकरावा साडूने वाचलाय. हिचा आवाज गेल्यावर. लढाईचं वर्णन इतकं रंगवून वाचलंय की पोरं पुढे सरकून बसलेली. एक मुलगी म्हणाली, हे काका कोण, भूगोलही यांनाच वाचायला सांगा ना. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्याच घरातले आहेत. मग माझ्या तोंडून निघालं, चांगलं वाचतात.

पेनड्राइव्ह मॅडमनी ठेवून घेतला. दुसऱ्या कशाला उपयोगी पडेल म्हणाल्या.

२१ मार्च, संध्याकाळी
येताना साडूकडे गेलो. गादी उचलली. तो स्कूटर काढत होता, म्हटलं नको, मी डोक्यावरून नेतो. त्याने स्कूटर परत स्टँडला लावली. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

घरी मशीन उत्तम चालू आहे. कोणी घुसत नाही. कोणाला त्याचं काही कामही नाही.

ही गॅलरीत बसली होती. जवळ जाऊन हळूच म्हटलं, चुकलं माझं. उत्तर आलं नाही. मग आठवलं, तिला बोलायचं नाही. आठ दिवस. आणि हे कोणी केलं ते शोधायला मला या वेळी यादी करावी लागली नाही.

उद्यापासून घरातल्या एका माणसावर बारीक लक्ष ठेवायचं ठरवलंय. नाव लिहीत नाही. वही त्याच्याच ताब्यात असते.